उत्तरेची भिंत

किल्ली एवढी मोठी, की अझेनॉर ती
टोपलीत ठेवते, लांबड्या पावाशेजारी.
"आधी खांदा लावायचा," ती म्हणते, "मग फिरवायची.
ऑक्टोबर ते मे दार फुगलेलं असतं."

आत, डोळे सरावेपर्यंत, नुसता वास:
मेण, ओली दोरी, उंदीर.
मग हळूहळू वर छत उमटतं.
दगडाचं नव्हे, ओकच्या फळ्यांचं, बरगड्या-बरगड्यांचं.
कमान रचणारा गवंडी ब्रिटनीच्या या टोकाला
यायलाच तयार नव्हता म्हणे,
होड्या बांधणारे सुतार मात्र गावात सात होते.
त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं
आणि भिंतींवर पालथं घातलं.
इथल्या लोकांत सभामंडपाला आणि जहाजाला शब्द एकच;
अझेनॉरला त्याचं नवल नाही.
"बुडालेलं जहाजच ना," ती म्हणते. "आपण खाली."

दगड समोरच्या बेटावरचा.
उधाणाच्या ओहोटीला वाळू उघडी पडे
चार तास, महिन्यातून दोनदा,
तेवढ्यात बैल, गाडे, आरडाओरडा.
एक खेप उशिरा निघाली. सन तेराशे एकेचाळीस
किंवा एकोणपन्नास; शाई तिथे पुसट आहे.
बैल पोहत आले. दगड राहिले.
तांगी नावाचा गाडीवान
हिशेबाच्या चामड्यावर त्या आठवड्यापर्यंत आहे,
पुढे त्याच्या रकान्यात मजुरी नाही.
मनोरा म्हणून हातभर बुटका.

उत्तरेची भिंत समुद्राकडे. तिला खिडकी नाही.
फक्त एक फट, माणसाच्या उंचीवर, वीतभर,
पूर्वी तिच्यात माशाच्या तेलाचा दिवा असे.
बाहेरून तिला दर सातव्या वर्षी चुना फासतात,
होड्यांना दुरून दिसावी म्हणून.
तीन बाजूंना दगडफूल, चौथी पांढरीफेक.
शेजारच्या गावचे हसतात:
यांच्या देवाने तोंड तेवढं धुतलंय, मान राहिली.

ज्यांना ती दिसली नाही
त्यांचे मेणाचे क्रूस कोनाड्यात आहेत, बोटाएवढे.
देह सापडला नाही, तर घरच्या टेबलावर
रात्रभर तो क्रूस जागवायचा
आणि सकाळी चालत इथे आणायचा.
अझेनॉरने दोन आणले. कोणते, ते ती दाखवत नाही.
कडक उन्हाळ्यात ते एकमेकांना किंचित चिकटतात.

सध्या तिचा पुतण्या ग्वेनाएल परांचीवर बसून
सिमेंट खरवडतोय.
आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून भरलेलं सिमेंट,
पाणी आत कोंडणारं.
ग्रॅनाइट पोटातून भुसभुशीत झालाय,
नखाने टोकरलं तर साखरेसारखा.
चुना श्वास घेतो, ग्वेनाएल सांगतो,
सिमेंट हट्ट धरतं.

मंगळवारी फटीखालचा तिसरा दगड सुटला.
मागच्या सांध्यात, पाचर म्हणून,
कालवाचा शिंपला.
पावणेसातशे वर्षं भिंतीचा तो कोपरा
कुणाच्या तरी दुपारच्या जेवणावर उभा होता.
काढताना तो तुटला.

पोलादी पाचर जाड झाली. लाकडाची कुजेल.
इंजिनियरने फोनवर सुचवलेली प्लास्टिकची
तेवढ्या भाराखाली चुरली.
ओहोटी होती. ग्वेनाएल खाली उतरला,
गुडघ्यापर्यंत भिजून परत आला.
पहिला शिंपला फार वाकडा, दुसरा फुटला,
तिसरा असा बसला, की दगडाने हुं की चूं केलं नाही.
तिन्ही कालवं त्याने तिथेच खाल्ली, लिंबाशिवाय,
मांडीला हात पुसले
आणि चुना कालवला.

खालून अझेनॉरची हाक: झालं का?
कुलूप लावायचंय, दुकान बंद होईल.
"थांब," तो म्हणाला, "ओलं आहे अजून."